इंजेक्शनचा खर्च झेपत नाही. जेवण बदलून वजन उतरेल का?

प्रश्न : ताई, माझं वय ४६. सांगलीत एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. उंची पाच फूट दोन इंच, वजन ८४ किलो. थायरॉइडची गोळी आठ वर्षांपासून चालू आहे. गेल्या महिन्यात रक्त तपासलं, तर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, डायबेटिस उंबऱ्यावर येऊन बसलाय, वजन उतरवायलाच हवं. आठवड्याला एक घ्यायच्या इंजेक्शनबद्दल त्यांनी सांगितलं. महिन्याचा खर्च ऐकला आणि घरी येताना रिक्षात माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मिस्टरांचं छोटं स्टेशनरीचं दुकान, घरात सासूबाई. पुण्याच्या माझ्या जावेने हेच इंजेक्शन घेऊन सहा महिन्यांत ११ किलो कमी केलं. मी पूर्वी चार महिने दीक्षित डाएट केलं होतं. सहा किलो उतरलं, नंतर नऊ वाढलं. माझी जीभ माझ्या ताब्यात नाही, असं घरात सगळेच म्हणतात. शेजारच्या वहिनी सकाळी एका क्लबमध्ये शेक प्यायला जातात, त्या मला पावडरचा डबा घे म्हणून मागे लागल्यात.

माझा दिवस असा असतो : सकाळी चहा आणि दोन टोस्ट. साडेआठला पोहे किंवा उपीट. दुपारी डब्यात तीन पोळ्या आणि सुकी भाजी (आमटी सांडते, म्हणून नेत नाही). साडेपाचला घरी आल्यावर चहा आणि भडंग. रात्री मिस्टर दुकान बंद करून आले की दहाला जेवण : दोन पोळ्या, भाजी, भात, आमटी. अंडी चालतात, मटण-चिकन रविवारी. जेवणाने इंजेक्शनसारखा फरक पडेल का? मन राखायला काही सांगू नका, खरं सांगा.

– एक वाचक, सांगली

उत्तर : खरंच सांगते. इंजेक्शनइतका फरक जेवणाने पडत नाही. पण तुमचा प्रश्न साखरेचा आहे, आणि साखर मागे ढकलायला जेवढा फरक लागतो तेवढा तुमच्या स्वयंपाकघरातून निघू शकतो. या दोन्ही वाक्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. पुढचं सगळं वाचताना दोन्ही लक्षात असू द्या.

आधी जिभेचं बोलू. तुमच्या पत्रातलं तेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. आपण जेवतो तेव्हा आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. ते मेंदूला सांगतं, पुरे आता. पोटालाही सांगतं, जरा सावकाश रिकामं हो. शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांतच विरघळून जातं. शास्त्रज्ञांनी त्याची नक्कल बनवली, ती आठवडाभर टिकते. इंजेक्शन म्हणजे एवढंच. तुमच्या जावेला आतून आठवडाभर ‘पुरे’ असा निरोप मिळतोय, म्हणून तिचं ताट अर्ध्यावर थांबतं. तिची इच्छाशक्ती अचानक वाढली नाही, आणि तुमची कधी कमीही नव्हती. भूक ही शरीराची आज्ञा असते. ती कुणाला मोठ्या आवाजात ऐकू येते, कुणाला हळू. त्यामुळे ‘जीभ ताब्यात नाही’ हे वाक्य घरात पुन्हा कुणी उच्चारलं, तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

आता औषधाचं. २०२१ साली सेमाग्लुटाइड या अशाच आठवड्याच्या इंजेक्शनचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६८ आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी १५ टक्के उतरलं. ८४ किलोच्या माणसाचं साधारण साडेबारा किलो. टिर्झेपेटाइड, म्हणजे माउंजारो, हे दुसरं इंजेक्शन त्याच्याही पुढे गेलं. त्याच्या मोठ्या डोसवर सरासरी २० टक्क्यांपर्यंत उतरलं. ही औषधं काम करतात, आणि तुमच्या डॉक्टरांनी चुकीचं काही सांगितलं नाही. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३४ च्या आसपास येतो. आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि ३४ ला तुम्ही या औषधाच्या निकषातही बसता. डॉक्टरांवर राग धरू नका.

पण दुसरी बाजूही आहे. इंजेक्शन बंद केल्यावर सेमाग्लुटाइडच्या त्याच अभ्यासातल्या काही लोकांकडे वर्षभर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. म्हणजे हा सहा महिन्यांचा कोर्स नाही. ब्लडप्रेशरच्या गोळीसारखा लांबचा खर्च आहे. माउंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक धरली तर महिन्याला १४,००० ते १७,५०० रुपये. मुलीची फी भरणाऱ्या घराने हा आकडा ऐकून रडणं स्वाभाविक आहे. एक गोष्ट मात्र विचारून ठेवा. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच होतं, आणि पेटंट संपलं की देशी कंपन्या तेच औषध स्वस्तात आणतात. त्यामुळे मागच्या वर्षी कुणी सांगितलेला भाव मनात धरून बसू नका, डॉक्टरांना आजचा विचारा.

आता जेवणाची ताकद किती, ते बघू. अमेरिकेत तुमच्यासारख्याच, डायबेटिसच्या उंबऱ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला जेवण बदलायला आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायला लावलं, दुसऱ्या गटाला मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी दिली. जेवण-चालण्याच्या गटाचं वजन सरासरी साडेपाच किलोच्या आसपास उतरलं. ऐकायला किती कमी वाटतं! पण त्या साडेपाच किलोंनी डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गोळीने ३१ टक्क्यांनी घटलं होतं. आपल्याकडे चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली असाच अभ्यास मांडला. तिथे लोकांचं वजन फारसं उतरलंच नाही, तरी जेवण आणि हालचाल बदलून डायबेटिसचं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी कमी झालं. तुमचं ६.१ जिथे आहे त्या टप्प्यावर (५.७ ते ६.४ हा उंबरठ्याचा पट्टा) हे आकडे सोन्यासारखे आहेत. म्हणून तुमचं लक्ष्य मी जावेचे ११ किलो ठरवणार नाही. सहा महिन्यांत सहा किलो. ८४ चे ७८.

अमेरिकेतल्या त्या अभ्यासाची एक गोष्ट लोक विसरतात. त्या लोकांच्या हातात नुसता कागद दिला नव्हता. सहा महिन्यांत सोळा वेळा एक माणूस त्यांच्यासमोर बसून विचारत होता : काय खाल्लं, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात काय करू या. उलट सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात ज्यांना खोटं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन दिलं होतं, त्यांनाही आहाराचा सल्ला होताच, आणि त्यांचं वजन अडीच टक्केही उतरलं नाही. आहारतज्ज्ञ म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे. यादी हातात देऊन वजन उतरत नाही. दर आठवड्याला विचारणारं कुणीतरी लागतं. तुमच्या घरी मुलगी आहे. रविवारी सकाळी दहा मिनिटं ती तुमच्यासोबत बसून वही बघेल का? तिला विचारा. आईसाठी हे काम ती मनापासून करेल, असं मला वाटतं.

आता तुमचा दिवस.

पत्रातलं कंसातलं वाक्य मी तीनदा वाचलं. ‘आमटी सांडते, म्हणून नेत नाही.’ ताई, तुमच्या वजनाचा अर्धा गुंता त्या कंसात आहे. हिशोब करून बघा. सकाळी टोस्ट, मग पोहे, दुपारी पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी भडंग. सकाळपासून रात्रीपर्यंत सगळा पिठाचा आणि चुरमुऱ्यांचाच कारभार. डाळ पहिल्यांदा ताटात येते रात्री दहाला, तीही भातावर वाटीभर पातळ. तुमच्या दिवसात प्रथिनं जेमतेम चाळीस ग्रॅम भरतात. तुम्हाला साठ तरी हवीत. प्रथिनं आणि चोथा कमी असला की तो ‘पुरे’ चा निरोप दुबळा येतो. मग साडेपाचला घरात पाऊल टाकताच भडंगाचा डबा हाक मारतो. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर संध्याकाळी हिशोब मागतं, आणि आपण त्याला जिभेचे चोचले म्हणतो. हे एकट्या तुमच्याच घरी घडत नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरच्या पाहणीत भारतीयांच्या ताटातले ६२ टक्के उष्मांक धान्य-साखरेच्या कर्बोदकांतून आणि जेमतेम १२ टक्के प्रथिनांतून येतात, असं दिसलं आहे.

तर पहिलं काम डब्याचं. आमटी सांडते, मटकी सांडत नाही. मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, मूगडाळीची सुकी भाजी, डाळकांदा, डाळमेथी, झुणका, मेथीत किंवा कोबीत पेरलेलं बेसन, अंड्याची भुर्जी. यातलं काहीतरी रोज, आणि मोठ्या डब्यात. आज तुमच्या डब्यात मोठा कप्पा पोळ्यांचा आणि लहान भाजीचा असणार. ते उलटं करा. मोठ्यात उसळ आणि भाजी, लहानात दोन पोळ्या. सोबत काकडी, गाजर किंवा मुळा, आणि घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत दही. खाताना आधी काकडी, मग उसळ निम्मी संपवायची, आणि मगच पोळीचा पहिला तुकडा मोडायचा. हा क्रम बदलला की जेवणानंतर साखर कमी चढते, आणि तिसऱ्या पोळीची आठवणही होत नाही.

कडधान्य रोज भिजवायला वेळ कुठे, हे तुम्ही म्हणणार. शनिवारी रात्री मटकी, मूग आणि हुलगे भिजत घाला, रविवारी सकाळी फडक्यात बांधून टांगा. सोमवारी मोड आलेले असतील. डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवले की चार दिवस जातात. हुलगे तुमच्याकडे घरोघरी असतात. हुलग्याच्या पिठाचं माडगं फक्त सर्दीत करायचं, असा काही नियम नाही. संध्याकाळी भडंगाच्या जागी वाटीभर गरम माडगं किंवा ताक आणि मूठभर फुटाणे घेऊन बघा. भडंग कायमचं बंद करा असं मी म्हणणार नाही. सांगलीच्या माणसाला भडंग सोड म्हणणं मला जमायचं नाही. पण डब्यातून थेट हातावर नको. रविवारी एक वाटी, वाटीत काढून, कांदा-काकडी घालून, बसून.

सकाळी टोस्टची जागा रिकामी ठेवा. चहात साखर दोन चमचे असेल तर पंधरा दिवस दीड, मग एक. न्याहारीला पोहे-उपीट आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी, किंवा भिजवलेल्या मुगाची दोन धिरडी. पोहे करायचे त्या दिवशी पोह्यांइतकेच मटार, गाजर, शेंगदाणे घाला, म्हणजे पोहे निम्मेच लागतात.

भाकरीबद्दल एक सावधगिरी. वजन उतरवायचं म्हणून पुष्कळ बायका पोळी सोडून शाळूच्या भाकरीवर येतात, आणि महिन्याने विचारतात, ताई, काटा हलत का नाही? भाकरीला चोथा जास्त, ती सावकाश पचते, हे बरोबर. पण तुमच्याकडची थाळीएवढी भाकरी म्हणजे ऐंशी-नव्वद ग्रॅम पीठ. ती तीन पोळ्यांची एक झाली. दोन भाकऱ्या खाल्ल्या की सहा पोळ्या झाल्या, आणि मनात मात्र डाएट चालू असतं. भाकरी जरूर खा, रात्री अर्धी. उरलेली जागा चाकवताच्या पातळ भाजीने, वांग्याने, तांदुळजाने भरा.

तेलाचं मी मोजून सांगत नाही, तुम्हीच मोजा. या महिन्यात तेलाची नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर पेनने तारीख लिहा. एका माणसाला महिन्याला अर्धा लिटर हा माझा हिशोब, म्हणजे तुमच्या चौघांना दोन लिटर. किती लिटर लागलं ते महिनाअखेर वहीत लिहा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत चार-साडेचार लिटर निघतं, आणि स्वतःच्या हाताने तारीख लिहिलेली बघितली की कुणाला उपदेश करावा लागत नाही. एक ग्रॅम तेलात नऊ उष्मांक, एक ग्रॅम पिठात साधारण साडेतीन. फोडणीचा हात थोडा आखडला तरी काटा त्याची दखल घेतो.

आता तुमच्या पत्रात नसलेलं विचारते. उरलेलं कोण खातं?

माझी आई रात्री सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभी राहून कढईला पोळीचा तुकडा फिरवायची. सकाळची अर्धी पोळी, मुलांनी ताटात ठेवलेला भात, दोन घास श्रीखंड, ‘टाकवत नाही गं’ म्हणत. ते जेवण तिच्या मोजणीत कधीच नसायचं. ती पन्नाशीत डायबेटिसची झाली. आज माझ्यासमोर बसणाऱ्या बायकांना मी ‘दिवसभरात काय खाता’ असं विचारते, तेव्हा ताटातलं सगळं सांगतात आणि ओट्यापाशी खाल्लेलं एकही सांगत नाहीत. लपवत नसतात, त्यांना ते खाणं वाटतच नाही. तुमचं पोट म्हणजे घरातल्या उरल्यासुरल्याचा डबा नव्हे. एक पोळी कमी लाटा. उरलंच तर रात्रीच फ्रीजमध्ये टाका, सकाळी फोडणीची पोळी सगळ्यांना वाटून द्या, गाईला घाला. टाकायचं पाप लागत असेल तर ते सगळ्या घराने वाटून घ्यावं, एकट्या आईच्या कमरेवर का?

आणि रात्री दहाचं जेवण. मिस्टर आल्याशिवाय जेवायचं नाही, ही तुमची माया आहे, मला कळते. पण साडेपाचला घरी आलेली बाई दहापर्यंत स्वयंपाक करत, चव बघत, वाट बघत तोंडात काही ना काही टाकतच राहते. मग दहाला पूर्ण ताट, आणि अकराला झोप. तुम्ही आणि सासूबाई साडेसातला जेवून घ्या. ते आले की त्यांना वाढून तुम्ही वाटीभर ताक घेऊन समोर बसा, गप्पा मारा. सोबत जाणार नाही, फक्त ताट जाईल. पहिले आठ दिवस त्यांना चुकल्यासारखं वाटेल. त्यांना हे पत्र दाखवा आणि रिपोर्टवरच्या ६.१ वर बोट ठेवून दाखवा. रात्रीच्या ताटात अर्धी भाकरी किंवा एक पोळी, भरपूर भाजी, आमटीऐवजी दोन वाट्या घट्ट वरण, आणि भात हवाच असेल तर शेवटी लहान वाटीभर. जेवल्यावर पंधरा मिनिटं गल्लीत फेऱ्या. घरासाठी एक आणि तुमच्यासाठी दुसरा असा स्वयंपाक करू नका. तो तीन आठवड्यांच्या वर कुणाच्याने होत नाही. घट्ट वरण आणि जास्त भाजी सगळ्यांनाच वाढा, मुलगी आणि मिस्टर हवं तर पोळी जास्त घेतील. सासूबाईंचा भात मऊच राहू दे, त्यांच्या वयात त्यांना तो हवा.

हे सगळं जुळलं की तुमची प्रथिनं पंचावन्न-साठच्या घरात जातात. वाढीव खर्च, अंडी, कडधान्य, दही, भाजी धरून, माझ्या हिशोबाने महिन्याला हजार-दीड हजार.

दीक्षित डाएटबद्दल. डॉ. दीक्षितांनी दोनच वेळा जेवायला सांगितलं, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांनी थोडं थोडं दर दोन तासांनी, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत त्यावरून वाद झाले. दोन्ही पद्धतींनी वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत, दोन्ही सोडून दिलेलीही. तुमचे सहा किलो उतरले ते मधलं खाणं थांबलं म्हणून. नऊ वाढले कारण शाळेच्या वेळेत, दहाच्या रात्रीच्या जेवणात ती पद्धत बसवताना तुमची ओढाताण झाली, आणि सुटली ती एकदम सुटली. यात तुमचा पराभव झाला नाही. तुमच्या घड्याळात न बसणारी पद्धत होती, एवढंच. म्हणून यावेळी रात्रीचं जेवण सोडलं तर मी वेळांना हात लावला नाही, डब्यातल्या वस्तू बदलल्या.

शेकची पावडर घेऊ नका. त्यात असतात प्रथिनं, साखर किंवा गोडवा, आणि सुगंध. वजन उतरतं ते एका जेवणाच्या जागी ती प्यायल्यामुळे, आणि डबा संपला की पोह्यांपाशी परत. वहिनींचा हेतू वाईट नसेल, पण सदस्य जोडले की कमिशन मिळणाऱ्या साखळीत मैत्रिणीला नाही म्हणणं अवघड जातं. माझं नाव पुढे करा, ‘लिहिणाऱ्या बाईंनी मनाई केलीय’ म्हणा. आणि जिममधून, ओळखीतून, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वस्तात मिळणारं इंजेक्शन कुणी देऊ केलं तर हातही लावू नका. ही औषधं मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता आणतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज आणतात, पित्ताशयात खडे होतात. एका विशिष्ट प्रकारच्या थायरॉइड कॅन्सरचा घराण्यात इतिहास असेल तर ती देतच नाहीत. ती डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची असतात.

उपासाबद्दल दोन ओळी. तुम्ही सोमवार किंवा चतुर्थी करत असाल, तर साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि खिचडीत वर तूप-दाणे. ‘एकादशी दुप्पट खाशी’ उगाच म्हणत नाहीत. त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर, एखादं फळ.

चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं. शाळेत जाता-येता एक स्टॉप आधी उतरलात तरी त्यात मोजा. चाळिशीनंतर वजनासोबत स्नायूही झिजतात, ते वाचवायला रोज खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा-दहाचे दोन फेरे. टीव्हीसमोर करा.

वजन आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, मुलीच्या वहीत. रोज काट्यावर चढू नका, पाण्याच्या चढ-उताराने मन खचतं. महिन्यातून एकदा टेपने कमर मोजा. बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं मानतात. तुमची आज पुष्कळ जास्त असेल. पण काटा अडकून बसतो त्या महिन्यातही टेप खाली येत राहते, असं मी खूपदा पाहिलंय. तिसऱ्या महिन्यात एचबीए१सी पुन्हा करा. ते कमी व्हायला लागलेलं असेल, वजन तीन किलोच उतरलेलं असेल, तरी गाडी बरोबर चालली आहे.

आणि सहा महिने प्रामाणिकपणे करूनही साखर चढतीच राहिली तर? तर इंजेक्शनचा विचार करा, लाज न बाळगता. तेव्हा भाव उतरलेला असेल, किंवा डॉक्टर आधी मेटफॉर्मिनच्या गोळीवर थांबतील. ती खूप स्वस्त आहे. आज बदललेला डबा तेव्हाही वाया जाणार नाही. इंजेक्शनवर भूक मरते, माणसं दोन घासांवर उठतात, आणि त्या दोन घासांत उसळ नसेल तर चरबीसोबत स्नायूही जातो. जावेला विचारा ती काय खाते. अंडं, डाळ, दही पोटात जात नसेल तर तिलाही हा डबा सांगा.

तुमच्या डॉक्टरांना मात्र एवढं कळवा की, मी सहा महिने जेवण आणि चालण्यावर काढणार आहे, तीन महिन्यांनी तपासणी करून येते. ब्लडप्रेशरची किंवा दुसरी कुठली गोळी चालू असेल तर वजन उतरल्यावर तिचा डोस बदलावा लागतो, तो त्यांनी ठरवायचा.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला की आकडा मला लिहा. चांगला आला तरी, नाही आला तरी.

ता. क. : थायरॉइडची गोळी सकाळच्या चहासोबतच घेता का? आठ वर्षं तसंच चालू असेल, तर उद्यापासून उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत घ्या आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. दुधाच्या चहासोबत ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर ठेवा. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) शेवटचं कधी तपासलं होतं, तेही पुढच्या पत्रात कळवा.